पाठासाठी निवडलेली मुलं

टण् असा आवाज झाला आणि आम्ही दोघा नवराबायकोनं एकदमच मान वर केली. स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत होते, रणजित चहा घेत होते. जुईच्या वॉकरच्या एका पायाचं रबर निसटून ओट्याखाली गेलं होतं आणि उघडी नळी फरशीवर आपटली होती.

"बूट पडला," जुई म्हणाली. वॉकरच्या रबरांना ती बूट म्हणायची.

रणजितनी चहाचा कप खाली ठेवला. गुडघ्यावर बसून ओट्याखालून रबर काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि ते पुन्हा नळीवर दाबून बसवायला लागले.

"शनिवारी निघायचं तर गाडी सांगून ठेवायला पाहिजे," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले.

"सांगा."

"सांगू ना?"

"सांगा म्हटलं की."

गुरुवारची सकाळ होती. मी पोळ्या डब्यात भरल्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा जुईला सहावं लागलं होतं. ती वेळेआधीच जन्मली, त्यामुळे पायांत ताठरपणा राहिला. डोकं मात्र लख्ख आणि जीभ त्याहून लख्ख. जिल्ह्याच्या गावी अशा मुलांची एक निवासी शाळा होती, तिथं जूनपासून तिला जागा मिळणार होती. शनिवारी जाऊन नाव पक्कं करायचं आणि सवय व्हावी म्हणून तिला सोमवारपर्यंत तिथंच ठेवून बघायचं, असं ठरलं होतं. शाळा वाईट नव्हती. स्वच्छ होती, पायऱ्यांच्या जागी उतार होते, व्यायामाची खोली होती, तिथल्या बायका मायाळू होत्या. सासूबाई म्हणायच्या, "तितं तिला कुणी हसायचं न्हाई गं. समदी तिच्यासारखीच."

खरं तर मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आमच्या वाडीची शाळा, दोन शिक्षकी. मग लेकीला माझ्याच शाळेत का घालायची नाही, असं कुणीही विचारलं असतं. पण वर्गाच्या आतलं मला ठाऊक होतं. अशी मुलं हजेरीत असतात, दाराजवळ बसतात, त्यांना कुणी रागावत नाही, कुणी प्रश्नही विचारत नाही. मग एके दिवशी ती यायची बंद होतात आणि ते लक्षात यायलाही वेळ लागतो. जुई दाराजवळ बसलेली मला बघायची नव्हती. म्हणून मी हो म्हटलं होतं. हो म्हटल्यापासून मात्र माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

त्याच आठवड्यात आमचं तालुक्याला प्रशिक्षण लागलं होतं. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या, घरी बघायला कुणी नाही. पहिल्याच दिवशी मी भीतभीत नदाफ सरांना विचारलं होतं, मुलीला आणलं तर चालेल का. नदाफ सर आमचे प्रशिक्षक. त्यांनी जुईकडं बघून विचारलं, "काय गं, तू पण मास्तरीण होणार काय?"

"नाही," जुई म्हणाली. "मी कंडक्टर होणार."

"मग मागच्या दाराशी बस. कंडक्टर तिथंच असतो."

तेव्हापासून ती हॉलच्या मागच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ, खडू नि रंग घेऊन बसायची.

प्रशिक्षण एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये चालू होतं. 'समतामूलक आणि समावेशक शाळा' असं मोठ्या अक्षरांचं बॅनर लावलेलं. सकाळी प्रेरणागीत, मग आदल्या दिवसाचा अहवाल, मग चार्टपेपर आणि स्केचपेन. वीज गेली की सगळे खूश, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणं थांबायचं. माझ्या गटात चौगुले गुरुजी होते. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, सगळ्यांची थट्टा करणारे. 'समावेशनातील अडथळे' लिहा म्हटलं की त्यांनी स्केचपेन माझ्या हातात दिलं.

"लिवा बाई. पहिला अडथळा, पालक उदासीन. सगळ्या गटांचा पहिला हाच असतो, आपला वेगळा नको दिसायला."

"आणि दुसरा?"

"दुसरा आपण. पण तो लिवायचा नसतो."

त्या गुरुवारी दुपारी नमुना पाठ होता. प्रत्येक गटातल्या एकानं सगळ्यांसमोर, खऱ्या मुलांना घेऊन पाठ घ्यायचा. गुरुजींनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं. "मगदूम बाई घेतील. आवाज खणखणीत आहे." इयत्ता तिसरी, विषय लांबी मोजणे.

मुलं त्याच शाळेची द्यायची होती. मुख्याध्यापिका शिंत्रे बाई स्वतः त्यांना घेऊन आल्या. तेल लावून भांग पाडलेली, इस्त्रीचा गणवेश घातलेली वीसेक मुलं ओळीनं आली आणि हाताची घडी घालून बसली. शिंत्रे बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काळजी करू नका. अगदी निवडक दिलीत. तुमचा पाठ पडायचा नाही."

"मंडईतनं वांगी आणल्यागत आणलीत निवडून," चौगुले गुरुजी मागून पुटपुटले. "किडकं एक न्हाई."

मला त्याचं काही वाटलं नाही, हे खरं सांगते. कुणालाच वाटलं नाही. नमुना पाठाला मुलं निवडूनच घेतात. मी शिकाऊ असतानाही तसंच होतं, आमच्याआधीच्यांचंही तसंच. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावं, तसं ते.

पाठ सुरू झाला. मी विचारलं, "मुलांनो, हे टेबल किती लांब आहे ते..."

"पट्टीनं मोजू," सगळे एका सुरात.

"आणि पट्टी नसेल तर..."

"वितीनं."

"मैदान मोजायचं असेल..."

"पावलांनी."

माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. मागं बसलेले शिक्षक माना डोलावत होते. चांगलं चाललं होतं. मी घड्याळाकडं बघितलं तर पाठ निम्म्यापर्यंतही आला नव्हता आणि माझे प्रश्न संपत आलेले. नदाफ सर शेवटच्या रांगेत हनुवटीला हात लावून खिडकीबाहेर बघत होते.

मी फळ्याकडं वळले, 'सेंटिमीटर' लिहायला लागले, आणि मागून जुईचा आवाज आला.

"आई, इकडं अजून मुलं आहेत."

वळून बघितलं तर ती पिंपाजवळ नव्हती. व्हरांड्यात गेली होती आणि आता दारात वॉकर धरून उभी होती.

"जुई, आत्ता नाही बाळा. पाठ चाललाय."

"पण त्यांना विसरलात की तुम्ही. पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांना बोलवायचं राहिलंय."

तिच्या मागं एक मुलगी उभी होती. जुईपेक्षा डोकंभर उंच, केस कापलेले, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर लाळ. तिनं जुईच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं. तिच्याही मागं खिचडी करणाऱ्या मावशी धापा टाकत आल्या. "बाई, मी नको नको म्हणत होते. ह्या बारकीनं दार ढकललं, तवर भाग्यश्री सुटलीच."

वर बॅनर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं.

शिंत्रे बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याशी नाही, नदाफ सरांशी बोलायला लागल्या. "सर, एरवी ती वर्गातच असते. भाग्यश्री, आणि अजून चौघं. आज पाठ म्हणून जरा बाजूला बसवलं. ती मधेच उठते, जमिनीवर लोळते. दुसरा एक आहे, तो आवाज झाला की कान झाकून रडतो. या बाईंचा पाठ बिघडला असता. मी यांच्यासाठीच केलं."

"खोटं नाही बोलत तुम्ही," नदाफ सर उठत म्हणाले. "इतकी वर्षं मी असेच पाठ बघत आलोय. चांगला झाला म्हणून शेरा मारत आलोय." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मगदूम बाई, पाठ तुमचा आहे. बोलवायचं की नाही, तुम्ही सांगा. नाही म्हटलात तरी कुणी काही म्हणणार नाही."

मला अगदी स्पष्ट आठवतं, त्या क्षणी मला त्या पाच मुलांची नाही, शनिवारची भीती वाटली. ही मुलं आत येणार, पाठाचा विचका होणार, निवडक मुलं नाकं मुरडणार, आणि ते सगळं जुई दारात उभी राहून बघणार. मग शनिवारी गाडीत बसताना माझ्याकडं बोलायला काही उरणार नव्हतं. आणि नाही म्हटलं, तर तेही ती बघणारच होती.

जुई म्हणाली, "आई, बोलव ना. भाग्यश्रीला कंटाळा आलाय."

"सगळ्यांनी व्हरांड्यात चला," मी म्हटलं. "व्हरांडा मोजायचाय. पट्टी नाही, टेप नाही. कसाही मोजा."

पुढचा थोडा वेळ जो गोंधळ झाला तो मी विसरणार नाही. मावशींनी बाकीच्या चौघांना आणलं. त्यातला एकजण खरंच कान झाकून खांबामागं जाऊन उभा राहिला. निवडक मुलांना काय करायचं कळेना, कारण हे त्यांना आधी सांगितलेलं नव्हतं. दोघं पावलांवरून भांडायला लागले. कुणीतरी म्हणालं, "बाई, हिची लाळ लागली मला." चाळीस शिक्षक हॉलच्या खिडक्यांतून माना काढून बघत होते. आणि भाग्यश्रीनं, सगळ्यांच्या मध्ये, शहाबादी फरशीवर, खुशाल अंग टाकून दिलं. गार लागत असावं. डोळे मिटून हसत पडून राहिली.

शिंत्रे बाई लगबगीनं तिला उचलायला निघाल्या. तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी, निवडकांतलीच, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या की बाई तिला. हिनंच मोजूया."

"म्हणजे गं?" मी विचारलं.

"म्हणजे ही किती वेळा झोपती ते बघायचं."

तिनं माझ्या हातातला खडू घेतला. भाग्यश्रीच्या डोक्याशी एक रेघ मारली, टाचांशी एक. "एक भाग्यश्री," ती ओरडली. "आता वर सरक." भाग्यश्री आडवीच लोळली. "अशी नव्हं गं बाय, अशी. डोकं हिकडं." ती मुलगी स्वतः झोपून दाखवायला लागली. तिच्या इस्त्रीच्या गणवेशाचं काय झालं ते विचारू नका. भाग्यश्रीनं मान वर करून बघितलं, आणि पाठीवरच सरकत सरकत बरोबर रेघेला टाचा लावल्या.

"दोन भाग्यश्री."

तिसऱ्या वेळेपासून सगळी मुलं मोजायला लागली. खांबामागच्या मुलानं एक कान उघडा केला. व्हरांड्याच्या टोकाला पोचल्यावर भाग्यश्री उठून बसली आणि तिनं स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. तिच्या भाषेत त्याचा अर्थ 'मी' असा होता, असं शिंत्रे बाई नंतर म्हणाल्या.

मग काय, प्रत्येकालाच झोपायचं होतं. "मी, बाई, मी." त्या कालव्यात माझ्या ओळखीचा आवाज, "मी पण."

जुई वॉकर घेऊन रेघेशी आली होती.

घरी ती आमच्याशिवाय कुणासमोर खाली बसायची नाही. खाली बसायचं तर आधी एक पाय, मग दुसरा, मग कुणाच्यातरी आधारानं पाठ टेकायची. वेळ लागतो, आणि ते तिला कुणाला दाखवायला आवडत नसे. मी पुढं झाले. नदाफ सर माझ्या पुढ्यातच उभे होते. ते माझ्या वाटेतून बाजूला झाले नाहीत.

एका मुलानं तिला काखेत धरून सरळ उचलायलाच सुरुवात केली.

"ए," जुई म्हणाली, "मी काय पोतं आहे?"

वेण्यावाली त्याच्यावर डाफरली. "असं धरत्यात व्हय? तिला इचार की."

"हा पाय धर आधी," जुईनं हुकूम सोडला. "हळू. आता तो. तू मागून धर. सोडू नको, सोडू नको..."

आणि ते तिघंही एकमेकांच्या अंगावर पडले.

सगळी पोरं हसली. खिडकीतले शिक्षकही हसले. मी जुईकडं बघत राहिले. सासूबाईंना ज्याची भीती वाटायची ते माझ्यासमोर घडत होतं. माझी पोरगी पडली होती आणि सगळं जग हसत होतं. जुई त्या ढिगाच्या खालून म्हणाली, "उठा की, माझी रेघ पुसली," आणि मग तीही हसायला लागली. तिला उचकी लागली इतकी हसली. मी तिथल्याच एका खांबाला टेकले.

"गुरुजी, आता तुम्ही," कुणीतरी चौगुले गुरुजींना म्हणालं.

"मला नका रे. मला उठवायला जेसीबी लागंल." पण झोपले. डोळ्यांवरचा चष्मा माझ्याकडं देऊन, सफारीसकट झोपले. मुलांनी त्यांच्या पोटाला वळसा घालून रेघ मारली.

शेवटी भिंतीवर खडूनं लिहिलं गेलं. भाग्यश्रीचे आकडे, वेण्यावालीचे, जुईचे सगळ्यांत जास्त, गुरुजींचे सगळ्यांत कमी. निवडकांतला एक चष्मेवाला मुलगा हैराण झाला होता. "पण बाई, बरोबर उत्तर कोणतं? व्हरांडा तर एकच आहे."

"तू सांग."

"सगळेच बरोबर कसे असतील?"

"मग काय करूया?"

तो विचार करत होता तेवढ्यात खिचडीची घंटा झाली आणि सगळे पळाले. सेंटिमीटर फळ्यावर अर्धाच राहिला. पाठाचा शेवट झालाच नाही.

अभिप्रायाच्या वेळी एका शिक्षकांनी उठून सांगितलं, वर्गनियंत्रण कमी पडलं. नदाफ सर म्हणाले, "हो, पडलं. ते खरंच आहे. मगदूम बाई, चष्मेवाल्याचं उत्तर अर्धवट राहिलं, तेही लक्षात घ्या." माझं कौतुक वगैरे त्यांनी केलं नाही. मी दाराबाहेर बघत होते. व्हरांड्यात पंगत बसली होती. शिंत्रे बाई भाग्यश्रीजवळ उकिडव्या बसून पदरानं तिची हनुवटी पुसत होत्या, आणि त्यांच्या हाताकडं बघून कळत होतं की हे त्या रोजच करतात. पलीकडं जुई वेण्यावालीला वॉकर चालवून बघायला देत होती. भाडं म्हणून तिच्या ताटलीतला लिंबू घेतला होता तिनं.

संध्याकाळी रणजित घ्यायला आले. दूध संघातून थेट आलेले, त्यामुळे कपड्यांना दुधाचा वास. फाटकाशी मोटारसायकल लावून त्यांनी वॉकर घडी केला, मागं बांधायला लागले.

"गाडी सांगितली," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी येतोय तो."

"नको म्हणून सांगा त्याला."

त्यांचे हात दोरीवर थांबले. "दुसरी बघू?"

"दुसरी नाही. जायचंच नको. जूनमध्ये ती माझ्या शाळेत येईल. किंवा इथं, किंवा अजून कुठं. पण रात्री घरी येईल."

मला वाटलं, आता म्हणतील, एवढं सगळं ठरवलं, आईला काय सांगायचं, त्या संस्थेला काय सांगायचं. मी माझी उत्तरं मनात जुळवायला लागले. पायांच्या व्यायामाला आठवड्यातून एकदा नेता येईल, पायऱ्यांवर फळी टाकता येईल...

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"मग आधी का नाही बोललीस गं?" त्यांचा आवाज एकदम चिरकला. "मी तुला सकाळी पण विचारलं. सांगू ना, म्हणून. तू सांगा म्हणालीस."

"तुम्हाला पाठवायची होती ना?"

"मला?" त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि गाडीचा आरसा पुसायला लागले. आरसा स्वच्छच होता. "मला कशाला पाठवायची असेल? तू बाई आहेस. वर्गात काय होतं ते तुला ठाऊक. तूच हो म्हटल्यावर मी म्हटलं, हिला काहीतरी दिसत असणार. मी दूधवाला माणूस, मी काय बोलू?"

मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. ते आरसा पुसत होते, मी डोळे पुसत होते. जुई आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघत होती.

"तुम्ही भांडताय का?" तिनं विचारलं.

"न्हाई," रणजित म्हणाले. "आईनं आज शहाणपणाची गोष्ट सांगितली, म्हणून रडतोय."

आम्ही निघालो. जुई नेहमीसारखी आमच्या दोघांच्या मध्ये. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास येत होता, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. रणजित मान वळवून वळवून विचारत होते आणि जुई त्यांना सगळं सांगत होती. भाग्यश्री, खडू, गुरुजींचं पोट, कोण कुणावर पडलं, सगळं. रणजित इतके हसले की त्यांना गाडी हळू करावी लागली.

मग जुईनं डोकं माझ्या हातावर टेकलं. मला वाटलं, झोपली. वाडीचा फाटा जवळ आला तशी ती हलली, मान वळवून माझ्याकडं बघायला लागली.

"आई."

"काय गं?"

"भाग्यश्रीनं काय केलं होतं? तिला त्या खोलीत का बसवलं होतं?"